लक्ष्मी जिना चढत नाही

आमच्या गल्लीत पुराची तयारी सगळ्यात आधी कोणी केली असेल तर ती मी. आणि पुरात गल्लीत सगळ्यात जास्त फजिती कोणाची झाली असेल तर तीही माझीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी महिनाभर सगळ्यांना समजावून सांगतो आहे. पण अकोल्यात माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धतच नाही. आधी हसतात, मग चहा मागतात.

सुरुवात खुशालरावांनी केली. खुशालराव म्हणजे समोरच्या दुमजली घरातले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. जुलैत एका सकाळी त्यांनी माझ्या मोबाइलवर 'पूर आणि आपले कुटुंब' अशी बत्तीस कलमांची यादी पाठवली, आणि ती पोचली की नाही हे विचारायला पाठोपाठ स्वतःच रस्ता ओलांडून आले.

"ओमप्रकाशजी, यंदा मोर्णा सोडत नाई तुमाले," ते म्हणाले. जसा काही मी त्या नदीचा गुन्हेगार. "मागचा नाला पाह्यला का? गळ्यापर्यंत कचरा हाये. पाणी आलं तर पहिलं तुमच्याच घरात येते."

"तुमच्या नाही येत?"

"आमी वरच्या मजल्यावर राह्यतो ना बाप्पा!"

आता मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक होतो. कलमं घातलेला कागद दिसला की मला तो बाजूला ठेवता येत नाही. मी त्याच दिवशी नवी फाइल उघडली, वर 'पूर' असं लाल शाईनं लिहिलं आणि कौशल्याला, म्हणजे माझ्या बायकोला, समोर बसवून बत्तीस कलमं मोठ्यानं वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. पोरगी लग्न होऊन गेलेली, पोरगा पुण्यात. म्हणजे 'आपले कुटुंब' या सदरात मी आणि ती मेथी निवडणारी बाई, एवढंच शिल्लक होतं.

कलम तीनप्रमाणे मी दोन शिट्ट्या आणल्या. संकटात सापडलेल्यानं शिट्टी वाजवायची आणि दुसऱ्यानं धावत जायचं. कौशल्यानं शिट्टी गळ्यात घातली आणि दुसऱ्या दिवशीपासून चहा झाला की ती वाजवायला लागली. मी दोनदा धावत गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही तर चहा गार झाला.

कलम चार जरा नाजूक होतं. 'कुटुंबाने एकत्र जमण्यासाठी जवळची उंच जागा आधीच निश्चित करावी.' मी चार गल्ल्या पलीकडच्या मारुतीचा पार निश्चित केला.

कौशल्यानं मेथीची काडी हातात तशीच धरली. "अवो, आपल्याच घरावर मजला हाये. अंगणात जिना हाये. चौदा पायऱ्या. अन तुमी मले भरपावसात मारुतीच्या पारावर नेऊन बसवून राहिले?"

मी पुढचं कलम वाचायला घेतलं.

हे मजल्याचं प्रकरण आता सांगावंच लागेल. आमच्या डोक्यावर माझा धाकटा भाऊ देवानंद राहतो. त्याचं फुलांचं दुकान आहे. आमच्या बाबांचा नदीकाठी झेंडूचा आणि पालेभाज्यांचा मळा होता. मी कागदात शिरलो, तो फुलांत राहिला. आणि गेली सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी बोललेलो नाही. पाण्याचा पंप त्यानं सुरू केला की मी बंद करतो, एवढाच काय तो व्यवहार.

भांडण महालक्ष्म्यांवरून झालं. आमच्याकडे भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळं, असे चार पितळी मुखवटे आमच्या आजीच्या सासूपासून चालत आलेत. वर्षभर ते एका पत्र्याच्या पेटीत, मायच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेले असतात. माय जाताना पेटीची किल्ली माझ्या हातात देऊन गेली. पुढे एका वर्षी देवानंदची बायको शकुन हिनं कौशल्याजवळ शब्द टाकला, की एखादं साल लक्ष्म्या आमच्याकडे वर बसू द्या ना. ती माझ्याशी थेट बोलतच नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. माझ्यासमोर ती आजही डोक्यावर पदर घेते आणि भिंतीशी बोलल्यासारखं तिसऱ्याला सांगते. इतकं की भांडणानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलंय, हे मला दोन वर्षांनी कळलं.

तर शकुननं मागितलं, आणि मला एकदम भीती वाटली. खरं सांगतो, भीतीच. वाटलं, बाबा गेले, मळा गेला, माय गेली. आता ही पेटी वर गेली तर माझ्याजवळ थोरलेपणाचं काय उरलं? पण असं कोणी चारचौघांत बोलतं का? सणाच्या पंगतीला पंधरा पाहुणे बसले होते. मी कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "आपल्यात नियम हाये. लक्ष्मी जिना चढत नाही."

असा कुठलाही नियम नव्हता. तो मी उभ्या उभ्या तयार केला होता.

"आमच्या अंजनगावले तर असं काई नाई," कौशल्या पुटपुटली. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, आणि माझ्या प्रत्येक नियमाला तिच्या अंजनगावात अपवाद असतो. देवानंद मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं दादा. लक्ष्मी जिना चढत नसंन, तर आमी बी जिना उतरून जेवाले येत नाई."

आणि आला नाही. सात वर्षं आख्खी गल्ली आमच्याकडे आंबील आणि पुरणपोळी खाऊन जाते, वरचे दोघं येत नाहीत. फुलं मात्र दर वर्षी येतात. सकाळी सहाला वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली उतरते. तिच्यात शेवंतीची वेणी, झेंडूचे हार, दुर्वा, आघाडा, सगळं. जिना उतरायचा नाही म्हणजे नाहीच! दुपारी त्याच टोपलीतून कौशल्या पुरणपोळ्या वर पाठवते आणि टोपली वर जाईपर्यंत मी पेपर तोंडासमोर धरून बसतो. मला यातलं अधिकृतपणे काहीच माहीत नाही.

हे सगळं कलम चारच्या पोटात होतं. असो.

पोत्यांसाठी मी वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. दाराशी रचायला रेतीची वीस पोती मिळावीत, असा रीतसर अर्ज. तिथल्या पोरसवदा बाबूनं तो वाचला.

"पूर आला का?"

"अजून नाही."

"मग पंचनामा कशाचा करू काका? पूर आल्यावर या."

"पूर आल्यावर पोती काय करू? पांघरू?"

त्यानं घराच्या नोंदी काढल्या, चष्मा वर केला आणि अर्जावर शेरा मारला, 'अर्जदाराचे घरास वरचा मजला उपलब्ध. सबब सामान वर हलवावे.' खाली झोकदार सही. मला संताप आला आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. 'सबब' हा शब्द इतक्या नेमक्या जागी मी स्वतःही कधी वापरला नव्हता.

मग मी पोती स्वतःच भरली. रेती मिळेना, म्हणून ऑटो करून मळ्याच्या जुन्या जागेवर गेलो. तिथे आता प्लॉट पडलेत, पण कोपऱ्यात मातीचा ढीग होता. काळीशार माती. हातात घेतली आणि बाबांच्या पायांच्या भेगा आठवल्या, मेथीच्या जुड्या बांधताना मायच्या तोंडात धरलेला दोऱ्याचा तुकडा आठवला. डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात अठरा पोती भरली आणि फाटकाच्या आतल्या बाजूनं तीन-तीनच्या थरात रचली. काळ्या मातीत जन्मलेल्या माणसानं काळ्या मातीची पोती भरून पाण्यासमोर ठेवावी! आमचे बाबा असते तर त्यांनी मला त्याच पोत्यावर बसवून झोडपलं असतं. का, ते पुढे येईलच.

आता राहिलं सामान. 'मौल्यवान वस्तू उंच जागी हलवाव्यात.' माझ्या डोक्यावर दहा फुटांवर उंच जागा होती, म्हणून मी सामान गल्लीभर वाटलं. टीव्ही आणि कागदपत्रांची बॅग खुशालरावांच्या माडीवर. गाद्या, आणि उन्हाळ्यात कौशल्यानं घातलेल्या कुरड्या-पापडांचे डबे बेबीताईंकडे. बेबीताई कोपऱ्यावर राहतात आणि त्यांच्या घराचं जोतं कमरेइतकं उंच आहे, तसाच आवाजही.

"द्या, द्या!" त्या म्हणाल्या. "अवो कौशल्याताई, गादीले किती ठिगळं हायेत हो! भाऊजी इतके चिकट असतीन असं वाटलं नोतं."

हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. संध्याकाळी खुशालराव माझी बॅग 'नीट लावताना' माझी मॅट्रिकची गुणपत्रिका सापडल्याचं सांगायला आले.

"ओमप्रकाशजी, गणितात पस्तीस? अन तुमी अकाउंट शाखेत होते?"

माझ्या इज्जतीला पाणी लागलं ते असं, नदीच्या आठ दिवस आधी. शिवाय बेबीताईंचा निरोप आला की कुरड्या नरम पडल्या की काय म्हणून चार तळून पाहिल्या, चांगल्या आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिल्या. रिकामं घर बघून एक माणूस भाड्यानं द्यायचं का विचारून गेला. कलम अठरानुसार मी न्हाणीच्या भोकात चिंध्यांचा बोळा ठोकला होता, म्हणजे नाल्याचं पाणी उलटं येऊ नये. कौशल्यानं चादरी धुतल्या आणि ते पाणी थेट देवघरापर्यंत गेलं.

"आला तुमचा पूर," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवली.

घरात हलवायची शेवटी एकच वस्तू राहिली. लक्ष्म्यांची पेटी. ती खुशालरावांकडे द्यायची? बेबीताईंकडे? घरच्या लक्ष्म्या दुसऱ्याच्या घरात कशा नेऊन ठेवणार? आणि वर... वरचा तर नियमच होता. मी पेटी टेबलावर ठेवली.

"वर नेऊन द्या," कौशल्या म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मुखवट्यांवर पाणी चढलं तर मायले तोंड कसं दाखवाल?"

"टेबलापर्यंत पाणी येत नाही."

"तुमच्या फाइलले विचारलं का?"

त्यानंतर तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मागचा नाला फुगला आणि पाणी आलं. फाटकातून नव्हे, मागच्या दारातून. तिकडे मी एकही पोतं ठेवलं नव्हतं. दहा मिनिटांत घोटे बुडाले, आणखी थोड्या वेळात पोटऱ्या. गढूळ, भराभरा चढणारं, आणि त्यात कोणाची तरी एक चप्पल.

"मारुतीचा पार!" मी ओरडलो. पेटी खांद्यावर घेतली आणि फाटकाकडे धावलो. आणि तिथे माझी अठरा पोती उभी होती. काळी माती पाणी प्यायली की फुगते, हे आमच्याकडे रांगतं पोर जाणतं. पोती फुगून ढेऱ्या सुटल्यागत झाली होती, एकमेकांत आणि फाटकात अशी घट्ट बसली होती की हलेनात. पेटी ओट्यावर ठेवून एक ओढलं तर ते फाटलं आणि गुडघ्यापर्यंत चिखल माझ्या पायांना चिकटला. पलीकडे खुशालराव माडीवर उभे राहून ओरडत होते, "कलम अकरा पाह्या! कलम अकरा!" कलम अकरा काय होतं ते मला आजही आठवत नाही, फाइल आत पाण्यात तरंगत होती.

मी मागे वळलो. ओट्यावरच्या पेटीपासून पाणी आता वीतभर खाली होतं. तेवढ्यात वरून टोपली आली.

दोरी हलत होती. वर गॅलरीत देवानंद पावसात उभा. त्यानं नुसती टोपली सोडली, बरोबर पेटीसमोर. त्याला कळलं होतं. मला माझा नियम मोडावा लागू नये, म्हणून तो लक्ष्म्यांना जिन्याशिवाय वर नेणार होता. मी पेटी टोपलीत ठेवून पाहिली. आडवी नाही, उभी नाही, मावेचना. टोपली फुलांची, तिचा जीव तो किती!

मला एकदम आमच्या लहानपणचा पूर आठवला. मी अकरा वर्षांचा, देवानंद चारचा. मळ्यातल्या खोपीत पाणी शिरलं, बाबा बाजारात अडकलेले. मायनं हीच पेटी डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "डोक्यावर एकच मावते रे बाप्पा. तू त्याले घे." मी देवानंदला खांद्यावर घेतलं. छातीइतक्या पाण्यातून आम्ही गावातल्या शाळेपर्यंत गेलो. तो माझे केस मुठीत धरून रडत होता आणि मी त्याला सांगत होतो, "मी हाओ ना बे, मी हाओ." ही गोष्ट मी शेकडो वेळा लोकांना सांगितली आहे. शेवट थोडा गाळून.

"अवो, काय पाह्यता?" कौशल्या मागून म्हणाली. "चढा!"

मी पेटी डोक्यावर घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. चौदा पायऱ्या. माझ्या पायांचे चिखलाचे ठसे मागे उमटत होते आणि पाठीमागून कौशल्या गळ्यात शिट्टी घालून, एक उशी काखेत मारून येत होती. वर दार उघडं होतं. दारात शकुन. तिनं मला पाहिलं, सवयीनं पदर डोक्यावर ओढला. मग माझ्या डोक्यावरची पेटी पाहिली, आणि तिच्या तोंडून, भिंतीकडे न बघता, थेट मला, तो प्रश्न निघाला जो आमच्या घरची बाई लक्ष्म्या उंबरठ्यावर आल्या की विचारते.

"कोण आलं?"

पायजम्यातून पाणी निथळत होतं.

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत बाबांच्या मळ्यातली काळी माती.

"सोन्याच्या पावलानं आली," मी म्हणालो आणि मला रडू कोसळलं. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर पेटी, हात वर गुंतलेले. डोळे पुसायचीही सोय नाही.

देवानंदनं पेटी उतरवून घेतली. शकुननं टॉवेल आणला, चहा टाकला. खाली आमच्या खोल्यांत पाणी खिडकीखालपर्यंत आलं होतं. टेबल केव्हाच बुडालं. आम्ही चौघं गॅलरीत बसून ते पाहत होतो. मग मीच म्हणालो, "देवा, तो नियम... तसा काही नियम नोता बे."

"मले माहीत हाये," तो म्हणाला.

"तुले कोणी सांगतलं?"

"दादा, त्या पुरात शाळेत पाणी शिरलं तवा आपण जिना चढून वरच्या वर्गात गेलो. मायच्या डोक्यावर पेटी होती. अन वर गेल्यावर मायनंच तुले म्हटलं, विचार, कोण आलं? तू इचारलं. मी तुया खांद्यावर होतो."

हाच तो शेवट, जो मी गाळत असे. मला वाटायचं, चार वर्षांच्या पोराला काय आठवणार!

"मग त्या दिवशी काहून नाही बोलला? पंधरा लोकांसमोर मी खोटं बोललो."

त्यानं चहाचा घोट घेतला. "म्हूनच नाई बोललो. पंधरा लोकांसमोर तुले खोटा पाडू काय? ज्याच्या खांद्यावर बसून वाचलो, त्याले?"

सात वर्षं. सात वर्षं तो वर बसून माझं खोटं सांभाळत होता आणि मी खाली बसून त्याचा पंप बंद करत होतो. मी मान खाली घातली. चिंध्यांचा बोळा, शिट्ट्या, बत्तीस कलमं, आणि घर वाचवायला काय लागतं ते एकाही कलमात नव्हतं.

पाणी दोन दिवसांनी ओसरलं. घर धुऊन काढायला आठवडा गेला. टीव्ही आला, गाद्या आल्या. कुरड्यांचे डबे आले ते बरेच हलके झाले होते. भाद्रपद जवळ आला तशी कौशल्यानं विचारलं, "पेटी खाली आणायची ना?" आम्ही सगळे वरच जेवायला बसलो होतो. शकुनचा वाढता हात थांबला.

मी घसा साफ केला. कचेरीतला आवाज लावला. "आणता येत नाही. आपल्यात नियम हाये. लक्ष्मी एकदा जिना चढली की सात वर्षं उतरत नाही."

"हा नियम कोणाचा?" देवानंदनं विचारलं.

"मायचा," मी म्हणालो.

"आमच्या अंजनगावले बी असाच हाये," कौशल्या म्हणाली. पदराआड शकुन हसली, आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढून भिंतीला नाही, मला म्हणाली, "घ्या ना भाऊजी."